निशिगंधाचे कंद

फाल्गुनातली सकाळ. कुदळ घेऊन निशिगंधाच्या वाफ्यापाशी बसले. लावून चार वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात पानं भरघोस आली, पण फुलांचे दांडे मोजून पाच. जमिनीखाली गर्दी झाली की निशिगंध असाच रुसतो. तिसऱ्या वर्षीच काढायला हवा होता.

पानं पिवळी पडल्यावर पाणी तोडलं होतं, म्हणून माती सहज सुटली. एकेका गड्ड्याला किती पिल्लं बिलगलेली! ज्या कंदातून दांडा येऊन गेला, तो पुन्हा फुलत नाही; पुढचा बहर या पिल्लांचाच. दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची निवडून गोणपाटावर सावलीत पसरली. बारीक आहेत त्यांना आणखी एक वर्ष द्यावं लागेल. महिनाभर सुकली की एप्रिलमध्ये पाच-सहा सेंटिमीटर खोल लावीन, टोक वर ठेवून.

सोनटक्क्याला मात्र हात लावला नाही. त्याचा आडवा, मांसल कंद असा सुकवून ठेवायचा नसतो. मृगाच्या सरी आल्या की डोळा असलेला तुकडा तोडायचा आणि लगेच ओल्या मातीत लावायचा. आईनं दिलेला असाच एक तुकडा मी ओल्या फडक्यात गुंडाळून कोकणातून पुण्याला आणला होता. आई आता नाही. तिचा सोनटक्का दर भाद्रपदात फुलतो आणि संध्याकाळी ओटीवर तिच्या अंगणाचा वास येतो.

तुमच्याही वाफ्यात गर्दी झाली असेल, तर जास्तीचे कंद फेकू नका. शेजारी द्या.