सात्या

आमच्या ब्रह्मपुरीकडे श्रावणात जंगलातल्या वारुळांवर सात्या उगवतात. वारुळाच्या पोटात वाळवी या बुरशीची शेती करते. तिची ती विद्या माणसाला अजून साधलेली नाही, म्हणून सात्या बाजारात मटणाच्या तोऱ्यात विकल्या जातात. माळकरी असूनही माझे बाबा त्या दोन महिन्यांत रस्सा ओरपीत, आणि आई मिस्किलपणे त्यांच्या गळ्यातल्या माळेकडे पाही.

गेल्या वर्षी कार्तिकात बाबांचे ऑपरेशन झाले, रामदासपेठेतल्या एका इस्पितळात. जखम लवकर भरेना. डॉक्टर म्हणाले, "प्रथिने वाढवा, अंडी द्या." अंड्याचे नाव काढताच बाबांनी भिंतीकडे तोंड केले. मी मेसच्या पैशांतून गोकुळपेठच्या बाजारातून दोनशे ग्रॅम मशरूम आणले आणि खोलीवर रस्सा करून नेला.

"काहून आणलं वं हे? पावसाळा तर सरला."

"बाबा, शहरात बाराही महिने मिळतात सात्या," मी दडपून खोटे बोलले.

एक घास खाऊन ते म्हणाले, "मातीचा वासच नाही हिले." पण डबा संपवला. मला वाटले, जिंकले!

दुसऱ्या दिवशी आहारतज्ज्ञ बाईंना हा पराक्रम सांगितला. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. ताज्या अळिंबीत शंभरात नव्वद भाग पाणी. १०० ग्रॅममध्ये प्रथिने जेमतेम ३ ग्रॅम. म्हणजे माझी अख्खी डबी मूठभर तुरीच्या डाळीएवढी! मी खजील झाले. मग त्याच म्हणाल्या, "बंद करू नका हो. 'ब' गटातली जीवनसत्त्वे आहेत, पोटॅशियम आहे, तेलकटपणा नाही. आणि तोंडाला चव आली तर ते वरणही खातील. मात्र रानातली अनोळखी छत्री आणू नका. चांदीचे नाणे काळे पडले नाही म्हणून ती बिनविषारी ठरत नाही, आणि काही विषे शिजवूनही जात नाहीत."

अळिंबीचे काप उन्हात ठेवले की त्यांत 'ड' जीवनसत्त्व तयार होते, हेही त्यांच्याकडूनच कळले. मग रोज सकाळी गच्चीवर वर्तमानपत्र पसरून माझे वाळवण सुरू झाले. घरमालकीणबाई दुरूनच विचारीत, "कुत्र्याच्या छत्र्या का गं त्या?"

अळिंबीच्या रश्श्याबरोबर बाबा वाटीभर घट्ट वरण आणि पनीर खाऊ लागले. पंधरवड्याने टाके सुकले. घरी निघताना रिक्षात बसता बसता ते म्हणाले, "त्या सात्या नव्हत्या, मले पहिल्याच दिवशी समजलं होतं."