ओवरीतलं बालपण

मोठ्या देवळाच्या आवारात शिरलं की सगळे गाभाऱ्याकडे वळतात. ओवऱ्यांकडे फारसं कुणी बघत नाही. भिंतीला लागून दगडी खांबांची रांग, आत अंधूक, गार सावली. कोपऱ्यात कुणाचं तरी वाळत घातलेलं धोतर, चुलीचे तीन काळवंडलेले दगड, खांबांवर तेलकट हातांचे डाग, वळचणीला पारवे. पुराणिक, कीर्तनकार, यात्रेकरू, नवस फेडायला आलेले दुखणाईत, घरातून निघालेल्या विधवा या साऱ्यांना ओवऱ्यांनी आसरा दिला. ज्यांना आवारात पाऊल टाकायची मुभा होती त्यांनाच दिला, हेही सांगितलं पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक मुलगी अशा ओवऱ्यांमधून वाढली. रमा अनंतशास्त्री डोंगरे. पुढे ती पंडिता रमाबाई म्हणून ओळखली गेली, विलायत आणि अमेरिका पाहून आली. तिच्या जगप्रवासाची सुरुवात मात्र बोटीच्या धक्क्यावर शोधून सापडत नाही.

ती सापडते गंगामूळला. कर्नाटकात, आजच्या चिकमगळूर जिल्ह्यात, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर. तुंगा आणि भद्रा इथे उगम पावतात आणि पूर्वेकडे निघून जातात. परंपरा नेत्रावतीचा उगमही इथलाच मानते, आणि ती पश्चिमेला मंगळुरूच्या समुद्राला मिळते. डोंगरउतारावर गवत, घळींमध्ये गच्च रान, आणि पावसाळ्यात महिनोन् महिने न उठणारं धुकं. अनंतशास्त्रींनी या रानात घर बांधलं तेव्हा रात्री वाघांच्या डरकाळ्या ऐकू येत. माणसांपासून इतकं लांब जाण्याला कारण होतं. पुण्याला शिकत असताना आपले गुरू दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवतात हे त्यांनी पाहिलं होतं, आणि आपल्या बायकोलाही शिकवायचं हे तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं. घरच्यांना ते रुचलं नाही. ब्रह्मवृंदाने जाब विचारला तेव्हा उडुपीला शास्त्रार्थ झाला. स्त्रीने संस्कृत शिकण्याला शास्त्राची आडकाठी नाही, हे त्यांनी ग्रंथांच्याच आधारे मांडलं.

या घरात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाचा जन्म झाला. आल्यागेल्याचं आदरातिथ्य करता करता शास्त्रीबुवांची गंगाजळी आटत आली होती. मुलगी सहा महिन्यांची झाली आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. तिला वेताच्या पेटाऱ्यात घातलं, पेटारा एका माणसाच्या डोक्यावर दिला, आणि अशी ती घाट उतरली. आपलं यात्रेकरूचं आयुष्य त्या दिवशी सुरू झालं, असं रमाबाईंनी पुढे नोंदवून ठेवलं आहे.

त्यानंतर पंधरा-सोळा वर्षं घर म्हणजे पुढचं गाव. तीर्थ गाठायचं, स्नान करायचं, देवळाच्या मंडपात किंवा घाटावर बसायचं, पोथी सोडायची आणि पुराण वाचायला सुरुवात करायची. हात पसरायचा नाही. ऐकणारे तांदूळ, फळं, फुलं, एखादं वस्त्र, चार पैसे पोथीपुढे ठेवून जात. पुराणिक दोन तऱ्हेचे असत. मिळकतीकडे नजर असलेले लोकांच्या भाषेत अर्थ सांगत, रंगवून सांगत. डोंगरे कुटुंब मूळ संस्कृतच वाची, कारण नुसत्या श्रवणानेही पुण्य लागतं यावर शास्त्रीबुवांची श्रद्धा होती. गरजेपुरतं ठेवून उरलेलं दान होई. दान करता करता आपणच निष्कांचन होऊ, हा हिशेब त्या घरात कुणी मांडला नाही.

गावोगाव भटकलेल्या मुलाला जग आपोआप शिकवतं, असा एक समज आहे. रमाबाईंचं बालपण पाहिलं की तो टिकत नाही. वडाराची, डोंबाऱ्याची मुलंही वाटेवरच वाढत होती आणि त्यांना वाटेने पुष्कळ काही दिलंही असेल, पण भागवत मुखोद्गत करायची संधी दिली नाही. रमाला ती मिळाली, कारण त्या बिऱ्हाडाबरोबर एक शाळा चालत होती आणि त्या शाळेला एकच शिक्षिका होती: तिची आई, लक्ष्मीबाई. वडील तोवर थकले होते, दृष्टी मंदावली होती. रमा आठ वर्षांची असल्यापासून शिकवण्याचं काम आईवर आलं. दिवसभर पाणी, स्वयंपाक, आजारी माणसं, पुढच्या मुक्कामाची बांधाबांध. मोकळा वेळ सापडे तो पहाटेचा. पेंगुळलेल्या मुलीला ती अंथरुणावरून उचलून घेई, लाडाने जागं करी, आणि पाखरं किलबिलू लागण्याच्या सुमाराला पाठ सुरू होई. पुस्तक नाही, पाटी नाही. आईने म्हणायचं, लेकीने मागून म्हणायचं. गाव रोज बदले, भाषा बदले, पाण्याची चव बदले. पहाट तेवढी बदलत नसे. रमाबाईंनी १८८७ साली ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक अमेरिकेत छापलं तेव्हा ते आईच्या स्मृतीला अर्पण केलं.

वाटेने जे शिकवलं ते वेगळं होतं, आणि तेही थोडं नव्हतं. रमाबाईंनी हिमालयाकडच्या एका तळ्याची हकिगत सांगितली आहे. तळ्यात डोंगर तरंगतात आणि पुण्यवान माणसाकडे आपण होऊन सरकत येतात, अशी ख्याती. भाविक काठावर हात जोडून उभे. पाण्यात मगरी आहेत, उतरू नका, अशी पुजाऱ्यांची ताकीद. रमाचा भाऊ श्रीनिवास भल्या सकाळी, आसपास कुणी नसताना, पाण्यात उतरला. मगरी नव्हत्या. डोंगर म्हणजे तराफ्यावर रचलेली दगडमाती, वर लावलेली झाडं, आणि ते ढकलायची सोय मागच्या बाजूला. काठावरून दिसणाऱ्या गोष्टीपाशी पोहत जायचं, ही खोड तिला इथे लागली असावी. पुढे कलकत्त्यात धर्मशास्त्रं वाचायला मिळाली तेव्हाही तिने हेच केलं: ग्रंथ एरवी एकमेकांशी भांडतात, पण स्त्रिया आणि शूद्र यांना कमी लेखण्यात त्यांचं एकमत आहे, हे तिने ओळखलं आणि लिहून ठेवलं.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायला माणसं येईनात, आली तरी पोथीपुढे ठेवायला त्यांच्याकडे काही नव्हतं. शारीरिक कष्टाची सवय नाही, भीक मागायची लाज. कुटुंब रानात शिरलं आणि झाडपाल्यावर दिवस काढू लागलं. १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई. लक्ष्मीबाईंना न्यायला चार खांदेकरी जमेनात. दोन ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा श्रीनिवास, चौथी रमा. स्मशान तीन मैलांवर. उंचीला कमी पडत असल्यामुळे तिने तिरडीचा आपल्याकडचा भार डोक्यावर घेतला. पुढे काही महिन्यांत थोरली बहीण कृष्णाबाई पटकीने गेली.

उरलेली दोघं चालत राहिली. पंजाबात झेलमच्या काठी थंडी सोसवेना आणि पांघरूण नव्हतं, तेव्हा वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणून ती आत निजली आणि डोकं उघडं ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. १८७८ साली ती कलकत्त्याला पोचली. वीस वर्षांची, अविवाहित, अस्खलित संस्कृत बोलणारी मुलगी पाहून तिथले पंडित चकित झाले. परीक्षा घेऊन त्यांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्यांनी ऐकलं ते सारं तिने अंधाऱ्या पहाटे आईच्या तोंडून उचललेलं होतं.

पुढची वर्षं वेगाने गेली. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास या बंगाली वकिलाशी तिने लग्न केलं. १८८२ मध्ये त्यांचंही निधन झालं. ती लेकीला घेऊन पुण्याला आली, आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिलं. १८८३ साली ती इंग्लंडला गेली, तिथे ख्रिस्ती झाली, आणि पुण्यात जे वादळ उठायचं ते उठलं. १८८६ च्या मार्चमध्ये डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी ती फिलाडेल्फियाला पोचली. त्या देशाबद्दल तिने मराठीत लिहिलेलं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ १८८९ साली निघालं. त्यात स्त्रियांच्या संस्थांचं मनापासून कौतुक आहे, आणि काळ्या लोकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल, मूळ रहिवाशांवरच्या अन्यायाबद्दल, टोपीत खोवण्यासाठी मारल्या जाणाऱ्या पाखरांबद्दल स्पष्ट नापसंतीही आहे. पाहुणचाराने तिचे डोळे दिपले नाहीत.

त्याच वर्षी, ११ मार्चला, मुंबईत तिने विधवांसाठी शारदा सदन उघडलं. १८९६-९७ च्या दुष्काळात ती मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आली आणि पुण्याजवळ केडगावच्या माळावर त्यांच्यासाठी वसाहत उभी राहिली. दुष्काळ म्हणजे काय हे कळायला तिला कुणाचा अहवाल वाचावा लागला नाही. शेत, गोठा, माग, छापखाना असं सगळं तिथे चाललं, आणि प्रत्येकीला अक्षर शिकवलं गेलं.

या कहाणीतलं एक माणूस नेहमी मागे राहतं. रमाबाईंची लेक, मनोरमा. १६ एप्रिल १८८१ चा जन्म. दोन वर्षांची असताना तिने समुद्र ओलांडला. पाचवं वर्ष पुरं व्हायच्या आत ती आईबरोबर फिलाडेल्फियात होती, आणि काही महिन्यांत तिला परत इंग्लंडला, वाँटेजच्या जोगिणींकडे पाठवण्यात आलं, कारण आई व्याख्यानं देत गावोगाव फिरणार होती. प्रवास तिलाही आईसारखाच लहानपणी भेटला. अन्न होतं, उबदार अंथरूण होतं, शाळा होती. पहाटे उचलून घेणारी आई तेवढी पत्रांतून येत होती. रमाबाईंना याची टोचणी होती. आपली लेक हिंदुस्थानची मुलगी म्हणूनच वाढावी, आपल्या माणसांची तिला लाज वाटू नये, यासाठी त्या वाँटेजला निकराने लिहीत राहिल्या. आजोबांच्या वणवणीत उपासमार होती पण ताटातूट नव्हती. नातीच्या वाट्याला नेमकं उलटं आलं, आणि पोर एवढी लहान असताना यातलं जड कोणतं, हे ठरवायला फार विचार लागू नये.

तरी मनोरमा आईजवळच परतली. तिने मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवी घेतली, केडगावला शारदा सदनाची शाळा सांभाळली, आणि पुढे निजामाच्या राज्यात, गुलबर्ग्याला, मुलींसाठी नवी शाळा काढली. १९२१ साली मिरजेला ती वारली, जेमतेम चाळिशीची. रमाबाई त्यानंतर नऊ महिनेही जगल्या नाहीत.