पाण्याला वाट

आमच्या कात्रजच्या घरामागं परडं आहे आणि परड्याच्या खालच्या अंगाला कोरड्या दगडांची भिंत. साठेक फूट लांब, कुठं चार तर कुठं सहा फूट उंच. वर दोन आंबे, कडीपत्ता आणि अळूचा वाफा. खाली पत्र्याच्या तीन खोल्या, त्या आम्हीच भाड्यानं दिल्यात. म्हणजे ही भिंत पडली तर दगड खालच्यांच्या अंथरुणावर येणार.

आजोबांनी ती घातली तेव्हा कात्रज घाटाखालचं खेडं होतं. उताराची जमीन राखायची तर शेतातला दगड वेचून ताल घालावीच लागायची. तसं गावाला दगडकाम नवं नव्हतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात इथं तलाव बांधला आणि जमिनीखालच्या दगडी नळातून पाणी पार शनिवारवाड्यापर्यंत आणि पुण्याच्या हौदांपर्यंत नेलं. वाटेत हवा सुटायला जागोजागी उच्छ्वास ठेवले. पाणी असो का हवा, कोंडलं की फोडतं, हे त्या माणसांना पक्कं ठाऊक होतं.

2019 साल आमच्या भागातलं कोणी विसरणार नाही. जूनच्या अखेरीस कोंढव्यात एका सोसायटीची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडली आणि पंधरा माणसं झोपेतच गेली. 25 सप्टेंबरच्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला. आमच्याच डोंगरातून निघणारा ओढा, उन्हाळ्यात त्यात चूळ भरायला पाणी नसतं. त्या रात्री त्यानं माणसं, गाड्या, जनावरं नेली. तेव्हापासून जोराचा पाऊस लागला की मी बॅटरी घेऊन परड्यात जायचो.

पुढच्या एका पावसाळ्यात भिंतीला मधोमध पोट आलं. खालच्या खोल्यांतल्या माणसांना त्याच दिवशी आमच्या ओसरीवर आणलं. तिसऱ्या रात्री बारा फूट भिंत खाली बसली. मधल्या खोलीचा पत्रा चेपला, चुलीवर दगड आले. माणूस कोणी नव्हतं, एवढंच.

थोरला म्हणाला, "दादा, आता दगड नको. आरसीसीची घालू." त्याचं भ्यालेलं मन मला कळत होतं. पण आधी ती पडली का, हे बघायला मी ओळखीच्या एका म्हाताऱ्या वडाराला बोलावलं. सत्तरी ओलांडलेली, हाताची बोटं दगडासारखीच झालेली. त्याचा पोरगा आता जेसीबी चालवतो.

म्हाताऱ्यानं पडलेल्या दगडांकडं बघितलंच नाही. वर परड्यात गेला, मातीत पहार घातली, चिखल बोटांनी चोळला आणि विचारलं, "ह्ये एवढं पाणी कुटनं येतंय?"

वरच्या अंगाला इमारत झालेली. गच्चीचं आणि पार्किंगचं सगळं पाणी एका पाइपातून आमच्या हद्दीशी सोडलेलं. पूर्वी तिथं गवत होतं, पाऊस मुरत मुरत यायचा. आता फरशीवरून एकदम येतो. भिंतीमागची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि ढकलते.

"दगुड भित पाडत न्हाई," म्हातारा म्हणाला, "पानी पाडतं. आदी त्याचं बगा, मग माजं."

मी इमारतीच्या सेक्रेटरीला घेऊन खाली आलो. भांडलो नाही. चेपलेला पत्रा दाखवला. शेजारच्या पायरीवर त्या खोलीतली पोरगी वही घेऊन बसली होती. तो गृहस्थ बराच वेळ तिच्याकडं बघत राहिला. आठ दिवसांत पाइप रस्त्याच्या गटाराला जोडला गेला.

मग काम धरलं. पडलेला भाग आणि शेजारचं हललेलं सगळं उतरवलं. घट्ट मुरूम लागेपर्यंत पाया खणला. सगळ्यात थोरले दगड तळाला, तेही मागं किंचित कललेले. दगडाची लांबी भिंतीच्या आत जाईल असा ठेवायचा. नुसतं तोंड मोठं दिसावं म्हणून आडवा लावला तर तो पुढं सरकतो. दोन दगडांच्या सांध्यावर तिसरा दगड आलाच पाहिजे. तीन-चार फुटांवर एक लांब दगड आरपार. फट राहिली तर चीप मागून ठोकायची, पुढून ठोकलेली निसटते. दर फुटाला भिंत दोन बोटं आत घ्यायची. आणि पाठीमागं काळी माती अजिबात नाही, हातभर रुंदीची खांडकी भरायची, म्हणजे पाणी सरळ खाली उतरतं.

थोरला दोन दिवस लांबूनच बघत होता. तिसऱ्या दिवशी दोरी धरायला आला. नवव्या दिवशी काम संपलं तेव्हा दगड हातात फिरवून त्याचं बूड कुठलं, हे तो बघू लागला होता.

सिमेंटशी माझं वैर नाही. उंच भिंत असेल, वर इमारतीचा भार असेल, तर इंजिनियरला विचारूनच बांधावी. पण चांगला इंजिनियरही तशा भिंतीला पाणी निघायला भोकं ठेवतो. म्हाताऱ्यानं सांगितलं ते तेच. ती भोकं बुजवली, की मग भिंत कशाचीही असो.

खालची माणसं पुढचा पावसाळाभर आमच्याकडंच निजली. मीच सोडलं नाही. आषाढात सलग चार दिवस पाऊस झाला, तेव्हा मधल्या खोलीतल्या बाईनं हाक मारली, "काका, भिंत गळायला लागली!"

जाऊन बघितलं. खालच्या सांध्यांतून पाणी झिरपत होतं, स्वच्छ, मातीचा कण नाही. दोरी लावली, भिंत जागची हलली नव्हती.

"गळू दे," मी म्हणालो. "गढूळ यायला लागलं, नाहीतर यायचं थांबलं, तर सांग."

आता मृगाच्या आधी थोरला स्वतःच दोरी काढतो. फटीत उगवलेलं पिंपळाचं रोप उपटतो, चिपा हलवून बघतो. आणि वरच्या पाइपाचं तोंड कुठं आहे, ते आधी बघून येतो.