आईने ओळखलेले अश्रू

२०१४ साल. अभिनेत्री दीपिका पदुकोण यशाच्या शिखरावर होती. तरीही सकाळी उठावेसे वाटेना. कारण नसताना रडू येई. हे रडणे नेहमीचे नाही, हे आई उज्जला यांनी ओळखले. निदान झाले नैराश्याचे. उपचारांनी दीपिका सावरली.

२०१५मध्ये तिने आपला आजार जाहीरपणे सांगितला आणि त्याच वर्षी ‘लिव्ह लव्ह लाफ’ ही संस्था सुरू केली. पैसा, प्रसिद्धी असूनही तिला आईच्या नजरेची गरज भासली. मग खेड्यातल्या एकाकी बाईचे काय? म्हणूनच संस्थेचे काम शाळांपासून कर्नाटकातील दावणगेरेच्या खेड्यांपर्यंत पोहोचले.

घरातले कुणी असे कोमेजू लागले, तर ‘नाटके पुरेत’ म्हणण्याआधी जवळ बसावे, विचारपूस करावी आणि वेळीच डॉक्टरांकडे न्यावे.