शेलमधले जुने बग

टर्मिनलवर आपण टाइप केलेली ओळ वाचून तिच्याप्रमाणे काम करून घेणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल. बहुतेक कमांड डिस्कवर स्वतंत्र फाइली म्हणून असतात. काही मात्र शेलच्या पोटातच असतात. चालू डिरेक्टरी बदलणाऱ्या ‘सीडी’चंच पाहा. युनिक्समध्ये प्रत्येक प्रोसेसची चालू डिरेक्टरी तिची तिची असते. वेगळ्या फाइलीतली कमांड शेलची चाइल्ड प्रोसेस म्हणून चालते; तिने आपली डिरेक्टरी बदलली, तरी पेरेंट असलेला शेल जिथल्या तिथेच राहतो. म्हणून हे काम शेललाच करावं लागतं. अशा बिल्ट-इन कमांडमधले जुने बग काढताना मला एक गोष्ट पक्की पटली आहे: कोड बदलणं सोपं, त्यावर विसंबलेल्या स्क्रिप्ट सांभाळणं अवघड.

दिलेला मजकूर छापणारी ‘एको’ घ्या. युनिक्सच्या बीएसडी परंपरेत ‘-एन’ दिलं की शेवटची नवी ओळ पडत नाही. सिस्टिम फाइव्ह परंपरेत तेच ‘-एन’ जसंच्या तसं छापलं जातं. एक बाजू बरोबर धरली तर दुसरीकडच्या स्क्रिप्ट मोडतात. पॉझिक्स या युनिक्सच्या सामाईक मानकाने निवाडा टाळला आणि नेमक्या आउटपुटसाठी ‘प्रिंटएफ’ सुचवला. हाही दुरुस्तीचाच एक प्रकार.

अटी तपासणाऱ्या ‘टेस्ट’ची गोष्ट याहून बिकट. दोन अटी जोडायला तिच्यात ‘-ए’ आणि ‘-ओ’ होते. पण व्हेरिएबलमध्ये उद्गारचिन्ह किंवा कंस आला, की तो डेटा आहे की ऑपरेटर, हे ठरवणं अशक्य होई. दोष व्याकरणातच होता. पार्सर कितीही तासला तरी तो जाणारा नव्हता. पॉझिक्सने 2008 मध्ये हे ऑपरेटर कालबाह्य ठरवले आणि 2024 च्या आवृत्तीतून काढून टाकले. आता दोन वेगळे ‘टेस्ट’ लिहून ते दोन अँपरसँडांनी किंवा दोन उभ्या रेघांनी जोडायचे.

काही बग मात्र इतकी सवड देत नाहीत. ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला बॅश हा शेल 1989 मध्ये बाहेर आला. ‘एक्स्पोर्ट’ने फंक्शन पुढच्या शेलकडे पाठवण्याची त्यातली सोय एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवर चाले. फंक्शनच्या व्याख्येच्या पुढे चिकटवलेला मजकूरही बॅश आयात करतानाच चालवतो, हे सप्टेंबर 2014 मध्ये स्टेफान शाझलास यांनी दाखवलं. हाच ‘शेलशॉक’. पहिला पॅच अपुरा पडला, पाठोपाठ आणखी आले. शेवटी अशा फंक्शनसाठी व्हेरिएबलच्या नावांचा खास साचा ठरला. साध्या व्हेरिएबलमधून फंक्शन घेणं बंद झालं. इथे सुसंगतीपेक्षा सुरक्षितता मोठी होती, आणि ते योग्यच झालं.

म्हणून कुठलाही जुना बग हातात घेतला की मी आधी त्याचं आजचं वागणं पकडणारी चाचणी लिहितो, मग तीच चाचणी डॅश आणि कॉर्न शेलमध्ये चालवून पाहतो. धोका असेल तर जुनं लगेच तोडावं. नसेल तर नवी वाट आधी उघडावी, बदल मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहावा आणि जुन्या वागण्यासाठी स्विच ठेवावा. बॅशमध्ये असे सुसंगती-स्तर आहेतच. दुसऱ्याची स्क्रिप्ट सांभाळणाऱ्या माणसाला काय बदललं आणि त्याने काय करायचं हे कळलं, तरच ती दुरुस्ती पुरी झाली असं मी मानतो.