एका घराची मागची भिंत

लेखकांची घरे पाहण्याची मला जुनी खोड आहे. मालगुंडला केशवसुतांच्या घरी मी तीन वेळा जाऊन आले. दर वेळी तिथे नवे असे काहीच सापडले नाही, आणि तरी परत जावेसे वाटले. या हिशेबाने पाहिले तर जर्मनीच्या दक्षिण टोकाला, बेर्ख्टेसगाडेन या गावाच्या वर, ओबरझाल्त्सबर्ग नावाच्या डोंगरउतारावर जे घर होते तेही एका लेखकाचेच घर. पुस्तकाच्या मानधनातून विकत घेतलेले. त्या पुस्तकाचा दुसरा खंड याच डोंगरावरच्या एका लाकडी खोपटात बसून पुरा झाला होता. लेखकाचे नाव अॅडॉल्फ हिटलर. त्याला ‘लेखक’ म्हणताना हात अडखळतो हे खरे. पण ते पुस्तक आपल्याकडच्या पदपथांवर, प्रदर्शनांत, मराठी अनुवादासकट आजही सहज मिळते, तेव्हा निदान विक्रेत्यांच्या लेखी तरी तो लेखकच आहे.

मी तिथे गेले ते एका विद्यार्थ्यामुळे. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी बालकवी शिकवत होते. निसर्गाशी तद्रूप होणारे मन, त्या तद्रूपतेतून येणारी निर्मळता, सहृदयता वगैरे नेहमीचे बोलणे चालले होते. तीस वर्षे तेच बोलत आल्यामुळे त्यातल्या प्रत्येक शब्दावर माझा विश्वास होता, किंवा विश्वास आहे की नाही हे तपासण्याची वेळ आली नव्हती. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “मॅडम, हिटलरही चित्रकार होता. शाकाहारी होता. डोंगरात राहायचा, कुत्र्यांवर, लहान मुलांवर त्याचे प्रेम होते. मग?” वर्ग हसला. मुलगा हसत नव्हता. तो उर्मटही नव्हता. त्याने ते पुस्तक वाचले होते आणि लेखकाविषयी त्याला खरोखरीचे कुतूहल होते. मी “अपवाद असतात” असे काहीतरी बोलून पुढच्या कडव्याकडे वळले. ते उत्तर मला त्या दिवशीही पुरेसे वाटले नव्हते.

माझा मुलगा म्युनिकला नोकरी करतो. २०२४ च्या सप्टेंबरात त्याच्याकडे गेले असता मी म्हटले, मला बेर्ख्टेसगाडेनला जायचे आहे. तो म्हणाला, “आई, सगळे साल्झबर्ग बघायला येतात, तू हे काय काढलेस?” पण आला बरोबर.

हिटलर या डोंगरावर पहिल्यांदा आला १९२३ साली, तिथे दडून बसलेल्या डिट्रिश एकार्ट या आपल्या गुरुस्थानी असलेल्या कवी-पत्रकाराला भेटायला. (कवीच, पुन्हा.) १९२८ साली त्याने ‘हाउस वाखेनफेल्ड’ नावाचे एक साधे सुट्टीतले घर भाड्याने घेतले आणि १९३३ साली, सत्तेवर आल्यावर, विकत घेतले. १९३५-३६ मध्ये त्या लहान घराभोवती आणि घरावर मोठे घर चढले आणि त्याचे ‘बेर्गहोफ’ झाले. वाचकांपैकी अनेकांना हा शब्द दुसरीकडून ठाऊक असेल. टॉमस मानच्या ‘द मॅजिक माउंटन’मधल्या क्षयरोग्यांच्या आरोग्यधामाचे नाव बेर्गहोफच आहे. ती कादंबरी १९२४ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा हिटलर लांड्सबर्गच्या तुरुंगात आपल्या पुस्तकाचा पहिला खंड लिहीत होता. या योगायोगातून मी काही अर्थ काढू पाहत नाही. डोंगराळ मुलखातले ते एक सामान्य नाव आहे. पण मानला १९३३ नंतर देशाबाहेर राहावे लागले आणि दुसऱ्या बेर्गहोफचा मालक देशाचा मालक झाला, हे मनातून जात नाही.

घराला एक प्रचंड खिडकी होती. भिंतीएवढी काच यंत्राने खाली तळघरात उतरवता येई आणि समोरचा उंटर्सबर्ग पर्वत दिवाणखान्यात आल्यासारखा वाटे. त्या पर्वताच्या पोटात सम्राट शार्लमेन झोपलेला आहे आणि एक दिवस तो जागा होईल, अशी दंतकथा आहे. आपले घर नेमके त्याच्या समोर असणे हा निव्वळ योगायोग नाही, असे हिटलरला वाटे. वास्तुरचनाकार आल्बेर्ट श्पेअर याच्या आठवणींत या खिडकीविषयी एक तपशील आहे, तो मला फार आवडतो. खिडकीच्या खालीच मोटारींचे गॅरेज होते. वारा उलटा असला की पेट्रोलचा वास थेट दिवाणखान्यात येई. घराचा आराखडा हिटलरने स्वतः काढला होता.

याच घरात १२ फेब्रुवारी १९३८ रोजी ऑस्ट्रियाचा चान्सेलर शुश्निग याला बोलावून धमकावण्यात आले आणि महिन्याभरात ऑस्ट्रिया गिळला गेला. १५ सप्टेंबरला चेंबरलेन आला. २२ ऑगस्ट १९३९ रोजी सेनापतींना इथेच बोलावून पोलंडवरच्या हल्ल्याचा निर्णय सांगण्यात आला. दहा दिवसांत महायुद्ध सुरू झाले. म्हणजे हे सुट्टीचे घर नव्हते, कचेरीच होती. पण लोकांना ती कधीच कचेरी म्हणून दाखवली गेली नाही.

लोकांना काय दाखवले गेले, हे माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाशी जोडलेले आहे. हाइनरिश होफमान हा हिटलरचा छायाचित्रकार. त्याने या डोंगरावरची हजारो छायाचित्रे काढली. पोस्टकार्डे निघाली, सिगारेटच्या पाकिटांतून चित्रे वाटली गेली, ‘हिटलर आपल्या डोंगरांत’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक निघाले. कुत्र्याबरोबर हिटलर, हरणाला चारा घालणारा हिटलर, मुलीच्या गालाला गाल लावणारा हिटलर. त्यातली एक मुलगी त्याची विशेष लाडकी म्हणून मिरवली गेली. तिची आजी ज्यू होती. हे कळूनही तो तिला काही काळ भेटत राहिला. पुढे बोरमानच्या हुकमाने तिचे येणे बंद झाले. चित्रे मात्र विकली जात राहिली.

आणि हे केवळ जर्मनीत नव्हे. नोव्हेंबर १९३८ मध्ये ‘होम्स अँड गार्डन्स’ या इंग्रजी मासिकाने बेर्गहोफवर एक सचित्र लेख छापला. तो आता जालावर वाचायला मिळतो आणि गद्यलेखन शिकवणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा. दालनातल्या मातीच्या रंगीत कुंड्यांमधली निवडुंगे, भिंतींचा फिकट हिरवा रंग, शाकाहारी जेवण, यजमानाचे विनोदी किस्से: सगळे प्रसन्न, सगळे घरगुती. एकही वाक्य कर्कश नाही. त्याच महिन्याच्या ९ आणि १० तारखेला जर्मनीभर सिनेगॉग जाळले गेले, दुकाने फोडली गेली, तीसेक हजार ज्यू पुरुषांना पकडून छळछावण्यांत नेण्यात आले. लेखकाने खोटे लिहिले असे म्हणता येणार नाही. निवडुंगे असतीलच.

त्या निवडुंगांच्या आसपास पूर्वी शेतकरी राहत असत, पाहुण्यांची लहान लहान निवासगृहे होती. मार्टिन बोरमानने एकेक करून ती विकत घेतली, नाही म्हणणाऱ्यांना धमकावले, जुनी घरे पाडली, सगळ्या परिसराला कुंपण घातले. या हकालपट्टीविरुद्ध हिटलरकडेच दाद मागू पाहणाऱ्या एका स्थानिक छायाचित्रकाराची रवानगी डाखाउच्या छावणीत झाली. डोंगर रिकामा झाला, आणि मग तो छायाचित्रांत फार शांत दिसू लागला.

२५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश विमानांनी या डोंगरावर बॉम्ब टाकले. साडेतीनशेहून अधिक बॉम्बफेकी विमाने होती. मालक तेव्हा तिथे नव्हताच. १४ जुलै १९४४ ला तो इथून गेला तो परत आला नाही. मेच्या सुरुवातीला पळून जाणाऱ्या एस.एस.च्या लोकांनी उरलेले घर पेटवले. काळवंडलेल्या भिंती पुढे सात वर्षे उभ्या होत्या आणि लोक त्या पाहायला येत. अखेर बव्हेरियाच्या सरकारने ३० एप्रिल १९५२ रोजी, म्हणजे हिटलरच्या आत्महत्येच्या तारखेलाच, त्या सुरुंगाने उडवल्या आणि जागेवर झाडे लावली. बाकी बराचसा डोंगर अमेरिकी सैन्याच्या विश्रामासाठी राहिला, तो नव्वदीच्या दशकाच्या मध्यापर्यंत.

बहुतेक प्रवासी पाहतात ते वेगळेच. १८३४ मीटर उंचीवरचे केल्श्टाइनहाउस, इंग्रजीत ज्याला ‘ईगल्स नेस्ट’ म्हणतात, बॉम्बमधून वाचले. कड्यांतून काढलेला रस्ता, डोंगरात खोदलेला बोगदा, मग चकचकीत पितळेने मढवलेली लिफ्ट १२४ मीटर वर नेते. तिथे आता उपाहारगृह आहे. आम्हीही गेलो, सूप घेतले. हिटलर स्वतः तिथे मोजक्याच वेळा गेला. मला तिथे काहीच वाटले नाही, एवढेच नोंदवते.

बेर्गहोफच्या जागी मात्र काही दाखवण्यासारखे ठेवलेलेच नाही. रस्त्याच्या कडेने पायवाट झाडीत शिरते. एक माहितीफलक आहे. आणि उतार धरून ठेवण्यासाठी घराच्या मागे बांधलेली एक भिंत. शेवाळलेली, लांबट, कोणत्याही घाटातल्या रस्त्याकडेला असते तशी. श्पेअरने १९३४ च्या सुमारास एक सिद्धांत मांडला होता: इमारती अशा बांधाव्यात की हजार वर्षांनी त्यांचे भग्नावशेषही रोमच्या अवशेषांसारखे भव्य दिसावेत. न्यूरेंबर्गच्या एका वास्तूचे, वेलींनी झाकलेल्या भग्नावस्थेतले कल्पनाचित्रही त्याने काढवून हिटलरला दाखवले होते आणि ते हिटलरला पसंत पडले होते. आपल्या पडझडीचेही सौंदर्य आधीच ठरवून ठेवायचे! भिंतीसमोर उभी राहून मी ते चित्र आठवत होते. वेलीऐवजी शेवाळ होते. मुलगा म्हणाला, “एवढेच?”

एवढेच. पण झाडांच्या फटीतून समोर उंटर्सबर्ग दिसत होता, आणि तो सुंदर होता. हे मला लपवता येत नाही. दुपारचे ऊन कलले होते, कड्यांवर निळसर धूर पसरल्यासारखा दिसत होता. माझे मन जसे भरून यायचे तसे भरून आले, अगदी वर्गात सांगत असे तसे. त्या खिडकीतून पाहणाऱ्याचे मनही असेच भरून येत असेल का? मला वाटते, येत असेल. त्याच्या निसर्गप्रेमाला ढोंग म्हणणे सोयीचे आहे, पण मला ते आता जमत नाही. ते प्रेम खरे असेल आणि त्याने काहीही रोखले नाही. मी तीस वर्षे या प्रेमाकडे जी कामगिरी सोपवत होते ती त्याच्या आवाक्यातली नव्हती. मुलाला यातले काही बोलले नाही.

जवळच १९९९ साली सुरू झालेले प्रलेखन केंद्र आहे. २०२३ मध्ये ते नव्या इमारतीत विस्तारले. तिथे गच्चीवरच्या हसऱ्या छायाचित्रांशेजारी पूर्वेकडच्या हत्याकांडांचे कागद ठेवलेले आहेत. एव्हा ब्राउनने घेतलेल्या रंगीत चित्रफिती मी पूर्वी पाहिल्या होत्या: ऊन, छत्र्या, कुत्री, आवाज नाही. घर पाडले, झाडे लावली, भिंतीवर शेवाळ आले. चित्रे तेवढी शाबूत राहिली, आणि पंच्याऐंशी वर्षांनी महाराष्ट्रातल्या एका वर्गात, मागच्या बाकापर्यंत पोचली. माझ्या विद्यार्थ्याने जे सांगितले ते होफमानची पोस्टकार्डे शब्दांत उतरवल्यासारखे होते.

केंद्राबाहेर मुलाने माझा फोटो काढला. मागे उंटर्सबर्ग, मी किंचित वळून दूर पाहते आहे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तो पाहिला तेव्हा कळले की होफमानने मला उभी केली असती तर अशीच केली असती. मैत्रिणींना पाठवायचा म्हणून खाली ‘आल्प्समध्ये’ असे लिहिले, मग खोडले.

तो विद्यार्थी आता एका महाविद्यालयात मराठीच शिकवतो. रात्री म्युनिकला परतल्यावर मी त्याला दोन छायाचित्रे पाठवली, एक डोंगराचे आणि एक भिंतीचे. काही लिहिले नाही. सकाळी त्याचे उत्तर आले होते: “मॅडम, पहिला फोटो फार सुंदर आहे. दुसऱ्यात काय आहे ते कळले नाही.”