पावाचे गोत

मराठीत ‘पाव’ हा इवलासा शब्द किती ठिकाणी वावरतो, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. वाण्याकडे आपण पाव किलो साखर मागतो, बेकरीतून पाव आणतो आणि संकट कोसळले की ‘देवा, पाव’ म्हणून हात जोडतो. तिन्ही ठिकाणी तीच दोन अक्षरे आणि तोच उच्चार. नवख्या माणसाला वाटावे की ही एकाच आईची तीन लेकरे आहेत. वस्तुतः या तिघांत रक्ताचे नाते मुळीच नाही. तिघे तीन वाटांनी आले आणि मराठीच्या अंगणात एकच चेहरा घेऊन शेजारी शेजारी बसले.

पहिला पाव चौथ्या हिश्श्याचा. संस्कृतात ‘पाद’ म्हणजे पाय. जनावराला पाय चार, म्हणून एक पाय म्हणजे चौथा भाग. या पादाचा मराठीत पाव झाला, ‘सपाद’ म्हणजे पावासहित एक, त्याचा सव्वा झाला, आणि ‘पादोन’ म्हणजे पावाने कमी, त्याचे पाऊण झाले. रुपयाच्या चौथाईला आपले वाडवडील पावली म्हणत. ते पंचवीस पैशांचे नाणे २०११ साली चलनातून बाद झाले. शेर तर त्याच्याही पुष्कळ आधी गेला. पाव मात्र किलोच्या संसारातही पूर्वीसारखाच नांदतो आहे.

दुसरा पाव क्रियापदाचा. त्याचे मूळ संस्कृत ‘प्राप्’ हे आहे. प्राप्त होणे, पोहोचणे, मिळणे हा त्याचा मूळ अर्थ. म्हणून ‘पत्र पावले’ असे आपण लिहितो आणि पैसे मिळाल्याच्या कागदाला ‘पावती’ म्हणतो. ‘देव पावला’ या उद्गारात आपल्याला नवस फेडल्याचा वास येतो, देवाशी काही देवघेव झाल्यासारखे वाटते. पण शब्दाच्या गाभ्याशी गेले तर अर्थ निराळा लागतो: देव पावला म्हणजे देव येऊन पोहोचला. ज्याने आपल्यात येऊन वस्ती केली त्या देवाचे वर्णन करण्यास मराठीत याहून साधे क्रियापद मला अजून सापडलेले नाही.

तिसरा पाव आपल्या ताटातला. तो लॅटिन ‘पानिस’ या शब्दापासून पोर्तुगीज भाषेत आला आणि पोर्तुगिजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरला. पोर्तुगीज त्याचा उच्चार नाकातून करतात. आपल्या पूर्वजांच्या कानांनी तो अनुनासिक सूर गाळला आणि ‘पाव’ एवढेच ठेवून घेतले. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. राज्य गेले, पाव राहिला. गोव्यात त्याने मोठा संसार थाटला. तेथे यीस्ट मिळेना म्हणून माडाच्या सुरीने पीठ फुगवण्याची रीत पडली. पोय, उंडो, कांकण अशी त्याला घरगुती नावे मिळाली आणि पाव भाजणारा ‘पोदेर’ पहाटे गावोगाव फिरू लागला. इकडे जपाननेही पोर्तुगिजांकडून हाच शब्द उचलला. तेथे पावाला आजही ‘पान’ म्हणतात. आपण नाकातला सूर सोडला, जपान्यांनी तो धरून ठेवला, एवढाच फरक.

गंमत अशी की तो सूर सोडल्यामुळे आपण अजाणता पोर्तुगीज भाषेतल्या भलत्याच शब्दाच्या दारात जाऊन उभे राहिलो. त्या भाषेत ‘पाउ’ म्हणजे लाकूड किंवा काठी. ब्राझील देशाला ज्या तांबड्या लाकडावरून नाव मिळाले, त्या लाकडाचे नाव ‘पाउ-ब्राझील’. म्हणजे लिस्बनच्या दुकानात कोणी अस्सल मराठी उच्चाराने पाव मागितला, तर दुकानदाराला गिऱ्हाईक लाकूड मागते आहे असे वाटायचे. स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यातील कातालान भाषेत हाच ध्वनी पुन्हा ऐकू येतो, पण तेथे त्याचा अर्थ शांती असा आहे आणि त्याचे मूळ लॅटिन ‘पाक्स’. त्याच भाषेत संत पौलाचे नावही ‘पाउ’ असेच आहे. विख्यात चेलोवादक पाउ कासाल्स हे त्या नावाचे. सिंगापूर आणि मलेशियात वाफेवर शिजवलेल्या सारणाच्या गोळ्याला ‘पाउ’ म्हणतात. तेथे आपला कोणी मराठी माणूस गेला तर त्याला हमखास वाटते की हा आपल्याच पावाचा भाऊबंद. पण तो शब्द चिनी, आणि त्याचा अर्थ गुंडाळणे. दिसायला पाव, खायलाही पावासारखा, तरीही नात्याचा नाही.

एवढा पसारा मांडण्याचे कारण निव्वळ शब्दांची हौस नव्हे. काही काळापूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक तरुण मला भेटावयास आला. मुंबईत नोकरी करणारा, चांगला शिकलेला मुलगा. कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत सहकारी त्याला हसत हसत ‘पाववाला’ म्हणत आणि तुमचे पूर्वज पावाच्या तुकड्यासाठी बाटले, असे ऐकवत. मुलगा मनातून दुखावला होता. त्याने कुठेसे वाचले होते की ‘पाव’ हा शब्द ‘पावन’ या संस्कृत शब्दापासून निघाला आहे. तो मला म्हणाला, “फादर, तुम्ही लॅटिन शिकला आहात. एवढे खरे आहे असे सांगा, म्हणजे त्यांना मला उत्तर देता येईल.”

मी म्हणालो, “नाही रे बाबा. ते खरे नाही.”

त्याचा चेहरा उतरला. त्याला उत्तर नको होते, दाखला हवा होता. आपण इथलेच आहोत याचा दाखला त्याला एका शब्दाकडून हवा होता. हे दुःख लहान नाही. ज्यांना घडीघडी ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असे विचारले जाते, त्यांनाच ते कळते.

पण असत्याच्या टेकूवर स्वाभिमान उभा राहत नाही. पावाविषयी अशा व्युत्पत्ती पुष्कळ चालतात. कोणी म्हणतात, एका लादीचे चार तुकडे करून विकत म्हणून तो पाव. कोणी म्हणतात, पीठ पायांनी तुडवतात आणि हिंदीत पायाला ‘पाँव’ म्हणतात म्हणून तो पाव. या दुसऱ्या व्युत्पत्तीत नुसते अज्ञान नाही, तिच्यात नाक मुरडणेही आहे. पाव खाणाऱ्याला हीन लेखण्याची सोय तिने केली. ‘पावन’ची व्युत्पत्ती पावाला देव्हाऱ्यात बसवते, ‘पाँव’ची त्याला चिखलात ढकलते. दोन्ही सारख्याच खोट्या आहेत.

मग मी त्या मुलाला विचारले, “तुझे सहकारी महिन्याच्या अखेरीस काय घेतात?” तो म्हणाला, “पगार.” पगार हा शब्द पोर्तुगीज. कपाटाची चावी पोर्तुगीज. दुपारी ते आवडीने जो वडापाव खातात त्यातला बटाटा पोर्तुगीज शब्द, पावही पोर्तुगीज शब्द, आणि आत घातलेली मिरची तर पोर्तुगिजांच्या गलबतांतूनच अमेरिकेकडून आपल्याकडे आली. मुंबईच्या मराठीपणाची खूण म्हणून जो पदार्थ आज साऱ्या देशात मिरवतो, त्याचे निम्मे सामान समुद्रापलीकडचे आहे. म्हणून तो कमी मराठी ठरतो काय? पगार घेताना ज्याला संकोच वाटत नाही, त्याने पावाचे गोत्र काढू नये.

विहिरीची गोष्टही त्याने काढली. पाद्र्यांनी विहिरीत पाव टाकला, ज्यांनी ते पाणी प्यायले ते बाटले, ही सांगोवांगी कथा आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकली आहे. पोर्तुगीज सत्तेने धर्माच्या बाबतीत बळजबरी केलीच नाही, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा काळ वगळता, इन्क्विझिशनचे न्यायालय चालू होते. हे आपण खाली मान घालून मान्य केले पाहिजे. परंतु त्या विहिरीच्या कथेत मला एक गोष्ट नेहमी खटकते. पावाच्या तुकड्यात कोणाचा धर्म बदलण्याची शक्ती नसते. पाणी पिऊन घरी परतलेल्या माणसाला ‘तू आता आमचा नाहीस’ असे ज्यांनी सांगितले, त्यांच्या शब्दात ती शक्ती होती. ती कथा पाव टाकणाऱ्याविषयी जेवढे सांगते, तेवढेच दार लावून घेणाऱ्याविषयीही सांगते.

आता खऱ्या नात्यांकडे वळू. भाषेच्या व्यवहारातील नवल हे की जे एकमेकांसारखे दिसतात ते पुष्कळदा परके निघतात, आणि जे खरे भाऊबंद असतात ते ओळखू येत नाहीत. चौथाईच्या पावाचे मूळ जो ‘पाद’, त्याचा सख्खा नातलग म्हणजे पायासाठी असलेला लॅटिन शब्द ‘पेस’. सायकलच्या ‘पेडल’मध्ये तोच लपला आहे. आपण सायकल चालवतो तेव्हा हजारो वर्षांपूर्वी दुरावलेले दोन भाऊ, पाय आणि पेडल, एकमेकांवर टेकलेले असतात. लॅटिन ‘पानिस’ आणि मेंढपाळ या अर्थाचा ‘पास्तोर’ हे पोसणे, राखणे या अर्थाच्या एकाच धातूपासून आले असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. संस्कृतातील राखणे या अर्थाचा ‘पा’ धातू त्याच कुळातला. म्हणजे बेकरीतल्या पावाचे दूरचे नाते पावशेराशी नाही आणि पावनाशीही नाही. ते ‘गोप’ या शब्दाशी आहे. भाकर देणारा आणि कळप राखणारा यांचे मूळ एक निघावे, हे आपल्या धर्मपालांनी मनाशी जपून ठेवावे असे आहे.

अशा नात्यांचा सुगावा फार पूर्वी ज्याला लागला तो आपल्या जवळचा माणूस होता. ‘ख्रिस्तपुराण’कर्ते फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. १५८३ साली आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिन भाषांशी मिळतीजुळती असल्याचे नमूद केले. ज्यांच्या नावावर हा शोध सामान्यतः मांडला जातो त्या सर विल्यम जोन्स यांचे कलकत्त्यातील सुप्रसिद्ध भाषण १७८६ सालचे, म्हणजे दोनशे वर्षांनंतरचे. स्टीफन्स यांचे पत्र विसाव्या शतकापर्यंत छापलेच गेले नाही, म्हणून जगाला ते कळले नाही. परक्या भाषेत नातलग शोधणाऱ्या या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूने पुढे त्याच मातीच्या भाषेत पुराण रचले. प्रेमाने ऐकणाऱ्याच्याच कानाला अशी नाती ऐकू येतात.

कधी कधी सख्ख्या भावांचे अर्थही दुरावतात. हिब्रू भाषेत ‘लेहेम’ म्हणजे भाकर. बेथलेहेम म्हणजे भाकरीचे घर. अरबीतील तिचा सख्खा भाऊ ‘लहम’. आखाती देशांत नोकरीला गेलेल्या आपल्या माणसांनी हा शब्द दुकानाच्या पाटीवर अनेकदा वाचला असेल. तेथे त्याचा अर्थ मांस. एकाच मुळाला एका घरी भाकर फुटली, दुसऱ्या घरी मांस. वेदीपाशी उभे राहून ‘हे माझे शरीर आहे’ हे प्रभूचे शब्द भाकरीवर उच्चारताना माझ्या मनात हे दोन भाऊ कितीदा येऊन गेले असतील. त्यावर सिद्धांत उभारता येत नाही. सिद्धांत प्रभूच्या शब्दावर उभा आहे. शब्दांचे असे योगायोग म्हणजे चिमूटभर मीठ. चव आणतात, पोट भरत नाहीत.

तो तरुण निघण्यापूर्वी त्याला मी आणखी एक शब्द दिला. तू ज्या ‘कंपनी’त काम करतोस, तिच्या पोटात पाव आहे, असे सांगितले. लॅटिनमध्ये ‘कुम्’ म्हणजे सह आणि ‘पानिस’ म्हणजे भाकर. जे एकत्र बसून भाकर खातात ते ‘कोम्पानियो’, म्हणजे सोबती. त्यांच्या समूहाच्या नावावरून इंग्रजीत कंपनी आली आणि आता ती मराठीचीच झाली. म्हणजे त्या कार्यालयात पाववाला तो एकटाच नव्हे. पगारपत्रकावर ज्यांची नावे आहेत ते सारेच पाववाले. तो मनापासून हसला. “उद्या डबा उघडल्यावर सांगतो त्यांना,” म्हणाला.

आमच्या गावात सकाळच्या मिस्साच्या वेळी सायकलवर पाव घेऊन येणारा गृहस्थ उत्तर प्रदेशातला मुसलमान आहे. त्याच्या बोलीत पाँव म्हणजे पाय. त्याचा पाव घेणाऱ्या ख्रिस्ती घरांत पाव म्हणजे न्याहारी, आणि त्याच आळीतल्या हिंदू आजीबाईंच्या ओठी तो देवाचा धावा. शब्दाचे गोत्र विचारावयास त्यांच्यापैकी कोणालाच सवड नाही. पाव ताजा आहे ना, एवढेच ते विचारतात, आणि तो असतो.